पूर्वकथेची कसोटी

२०२४ च्या नाताळच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन ‘मुफासा : द लायन किंग’ बघायला गेलो होतो. चित्रपट संपला, दिवे लागले, लोक उठले. ही मात्र पडद्यावर सरकणाऱ्या नावांकडे बघत तशीच बसून. मी तिची पाण्याची बाटली आणि स्वेटर गोळा करत होतो, तेवढ्यात तिने विचारलं, “मामा, टाका वाईट होत होता तेव्हा मुफासाचं लक्ष कुठे होतं?”

मला उत्तर सुचलं नाही. रात्री घरी आल्यावर या चित्रपटाची इंग्रजी-हिंदी परीक्षणं वाचायला बसलो. चित्रपट का काढला, त्यातून किती पैसे मिळतील, सिंहांचे चेहरे कसे दिसतात, गाणी जुन्या गाण्यांच्या तोडीची आहेत का, हे सगळं त्यांत होतं. भाचीचा प्रश्न मात्र मी वाचलेल्या एकाही परीक्षणात नव्हता. तो का नव्हता, याचा विचार त्या रात्रीपासून सुरू झाला. पूर्वकथा सांगणारा चित्रपट नेमका कशावरून जोखायचा, हे आपण अजून ठरवलेलंच नाही, असं आता माझं मत झालं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९४ साली रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिंकॉफ यांनी दिग्दर्शित केलेला ‘द लायन किंग’ हातांनी काढलेल्या चित्रांचा होता. राजा मुफासा, त्याचा मत्सरी भाऊ स्कार (नव्या चित्रपटातला टाका तो हाच) आणि बापाच्या मृत्यूचं ओझं वाहणारा सिम्बा ही ‘हॅम्लेट’च्या वळणाची गोष्ट दोन पिढ्यांना पाठ झाली. २०१९ मध्ये जॉन फॅव्रोने तीच गोष्ट संगणकावर, खऱ्या प्राण्यांसारखे दिसणारे प्राणी घडवून पुन्हा सांगितली. समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी चित्रपटाने जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक कमावले. मग २०२० मध्ये डिस्नेने पूर्वकथेची घोषणा केली आणि ती बॅरी जेन्किन्सच्या हाती सोपवली. ज्याच्या ‘मूनलाइट’ या छोट्या, हळव्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो हा दिग्दर्शक. त्याने हे काम घेतलं याचंच अनेकांना वाईट वाटलं. चांगला गवई लग्नाच्या बँडमध्ये गायला गेल्यावर हळहळावं, तशी ती हळहळ होती.

खरी अडचण इथेच सुरू होते. चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच त्याच्यावरचा मुख्य आरोप ठरून गेला होता: हा पैशासाठी काढलेला, आत्मा नसलेला चित्रपट आहे. झलक आली तेव्हा समाजमाध्यमांवर जेन्किन्सला हे तोंडावर ऐकवलं गेलं. त्याने उत्तरही दिलं. या गोष्टीत आत्मा नाही हे त्याला मान्य नव्हतं. जगभरातल्या मुलांनी चित्रपटगृहात बसून एकत्र दुःख करणं पहिल्यांदा अनुभवलं ते याच गोष्टीमुळे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याचं उत्तर मला मनापासून दिलेलं वाटतं. पुढे प्रदर्शनाच्या सुमारास सगळं संगणकावर घडवण्याची ही पद्धत आपली नव्हे, असंही त्याने मोकळेपणाने सांगितलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या पैशाने हाती घेतलेल्या कामातही माणूस जीव ओततो. आपली निम्मी मंदिरं आणि बखरी अशाच झाल्या आहेत.

म्हणून पहिला मुद्दा हा, की एखादी कलाकृती का निर्माण झाली आणि ती कशी झाली, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिला प्रश्न विचारायलाच हवा. जुन्या यशाची पुन्हा पुन्हा कापणी करणाऱ्या स्टुडिओंना तो कुणीतरी विचारत राहिलं पाहिजे. पण त्याचं उत्तर मिळाल्यावर दुसऱ्याचं उत्तरही मिळालं असं धरून चालणं, ही टीका नव्हे. मुलाचं परीक्षण त्याच्या बापाच्या उद्योगावरून केल्यासारखं ते होतं.

आता आकड्यांबद्दल. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर ‘मुफासा’ला समीक्षकांकडून सत्तावन्नच्या आसपास टक्के मिळाले, तिथेच प्रेक्षकांचा आकडा नव्वदीच्या जवळ गेला. पहिल्या दिवशी चित्रपट बघून बाहेर पडणाऱ्यांना विचारून सिनेमास्कोर ही संस्था श्रेणी देते, तिने ‘ए वजा’ दिली. अमेरिकेत पहिल्या आठवडाअखेरीस जेमतेम साडेतीन कोटी डॉलर जमले आणि ‘सॉनिक’च्या तिसऱ्या भागाने त्याला सहज मागे टाकलं. पण पुढे तोंडी चर्चेवर तो चालत राहिला आणि जगभरात ७२ कोटी डॉलरपर्यंत पोहोचला.

आपल्याकडे सत्तावन्न टक्के म्हटलं की सेकंड क्लास डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात हा आकडा चित्रपटाला मिळालेले गुण सांगतच नाही. शंभरातल्या सत्तावन्न समीक्षकांना तो एकंदरीत बरा वाटला आणि त्रेचाळिसांना नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुणी जीव तोडून स्तुती केली आणि कुणी ‘ठीक आहे, बघा’ म्हटलं, तरी दोघांचं मत सारखंच मोजलं जातं. ज्या चित्रपटाबद्दल मतं अशी मधोमध दुभंगतात, त्याबद्दल खरं तर सर्वांत जास्त वाद व्हायला हवा. आकडा हातात आला की तोच वाद थांबतो. ‘सत्तावन्न’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

समीक्षकांच्या आरोपांत दम नव्हता असं मला म्हणायचं नाही. सर्वांत खरा आरोप चेहऱ्यांबद्दलचा होता. १९९४ च्या चित्रपटात स्कार हे पात्र आंद्रेआस देजा या चित्रकाराने घडवलं. त्याची एक भुवई वर गेली की पुढचं कारस्थान कळायचं. सिंहाला अशी भुवई नसते. ती चित्रकाराने दिली. माणूस माणसाच्या डोळ्यांतलं पुष्कळसं वाचतो ते बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागामुळे, कारण नजर कुठे वळली ते त्यावरून कळतं. सिंहाच्या डोळ्यात तो भाग जवळपास दिसत नाही. म्हणजे सिंह जितका हुबेहूब करावा, तितका तो माणसाच्या नजरेला मुका होत जातो. २०१९ च्या चित्रपटात सूर्योदयाचं पहिलं दृश्य तेवढं खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं आहे. बाकी सगळं संगणकावरचं. आणि ते इतकं बेमालूम होतं, की बाप मेल्यावरही छाव्याच्या तोंडावर दुःख दिसेना.

‘मुफासा’त जेन्किन्सने यावर उपाय शोधला. ‘मूनलाइट’मध्ये त्याची माणसं थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघतात, इथे सिंह बघतात. कॅमेरा त्यांच्या नाकाशी जाऊन थांबतो. चेहऱ्यांना २०१९ पेक्षा बरीच जास्त हालचाल दिली आहे. एरवी प्राणी घडवणाऱ्या कलाकारांना हालचाल टिपणारे पोशाख घालून जागेवर चालवलं, बसवलं, एकमेकांकडे बघायला लावलं आणि त्यावरून दृश्यांची मांडणी ठरवली. तरीही अडचण पूर्ण सुटली नाही, हे समीक्षकांचं निरीक्षण मी मान्य करतो.

कारणाबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. चेहरा हलत नाही म्हणून भावना पोहोचत नाही, हे खरं कारण नव्हे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. लाकडाचा चेहरा, रंगवलेले डोळे, ओठ कायमचे मिटलेले. तरीही हनुमान आला की पोरं ओरडतात आणि सीता रडते तेव्हा आजी पदर डोळ्यांना लावते. बाहुली आपण बाहुली असल्याचं लपवत नाही, म्हणून तिच्यात उणं असलेलं बघणारा आपल्या मनाने भरून काढतो. हुबेहूब सिंह बघणाऱ्याला अशी जागाच ठेवत नाही. ‘मी खरा आहे’ असं तो केस न् केस दाखवून सांगतो, आणि मग गाऊ लागतो. तिथे मन अडतं. तंत्र कमी पडलं असं नाही. तंत्राने दिलेलं वचन गोष्टीच्या वचनाशी जुळलं नाही.

गाण्यांबद्दल थोडक्यात. लिन-मॅन्युएल मिरांडाची गाणी चांगली आहेत, पण एल्टन जॉन आणि टिम राइस यांच्या जोडीशी होणारी तुलना कुणालाच टाळता आली नसती. म्हातारा वानर रफीकी गोष्ट सांगत असताना टिमॉन आणि पुम्बा ही विनोदी जोडी मध्येमध्ये बडबडते, त्याने रंगाचा बेरंग होतो, ही तक्रारही रास्तच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पूर्वकथांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की शेवट आधीच माहीत असतो. मुफासा राजा होणार, टाका स्कार होणार, मग उत्सुकता कशाची? पाश्चात्य समीक्षकाला हा आक्षेप स्वाभाविक वाटत असेल. आपल्या कानांना तो तसा वाटू नये. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान आधीपासून ठाऊक असतं. हरिश्चंद्राचं पुढे काय झालं, हे कळावं म्हणून कुणी देवळात जात नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली तेव्हा कर्ण मरणार हे न जाणणारा एकही मराठी वाचक नसेल. तरी ती पिढ्यांनी डोळ्यांत पाणी आणून वाचली. शेवट माहीत असणं हा गोष्टीतला दोष नाही. उलट शेवट माहीत असलेल्या माणसालाच वाटेतल्या खुणा दिसतात.

किंबहुना पूर्वकथा रचण्यात आपल्या परंपरेचा हात कुणी धरणार नाही. रावणाला रामाने मारलं, ही गोष्ट. पण भागवत सांगतं, की रावण आणि कुंभकर्ण हे मुळात वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय. सनकादिकांना दारात अडवलं म्हणून त्यांना शाप मिळाला आणि तीन जन्म असुर म्हणून, वैरी म्हणून घालवून ते परत वैकुंठाला गेले. ही पूर्वकथा ऐकल्यानंतर लंकेच्या रणातलं तेच दृश्य बदलतं. बाण तोच, दहा डोकी तीच. पण आता जो पडतो, तो घरी जायला निघालेला माणूस असतो. रामाच्या हातून घडलेल्या वधात सुटकाही मिसळते.

पूर्वकथेची कसोटी हीच, आणि माझ्या मते एवढीच: तिने जुनी गोष्ट बदलली का? जुन्या गोष्टीतलं एखादं दृश्य, एखादा शब्द, एखादं मौन ती ऐकल्यावर वेगळं लागतं का? लागत असेल तर ती कुणी का काढली याला फार महत्त्व उरत नाही. लागत नसेल तर कितीही प्रामाणिक हेतूने काढलेली असो, ती नुसती पुरवणी आहे.

या कसोटीला ‘मुफासा’चा मोठा भाग उतरत नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. रफीकीला काठी कुठून मिळाली, राजाचा तो कडा भूकंपातून कसा वर आला, झाझू हा पक्षी कुठे भेटला, स्कारच्या चेहऱ्यावरचा व्रण कुणाच्या पंजाचा, याची उत्तरं चित्रपट एकामागून एक देत जातो. ही उत्तरं कुणी मागितली नव्हती आणि त्यांनी काही बदलत नाही. काठी कुठूनही आली असती तरी रफीकी तोच राहिला असता. समीक्षक इथे कंटाळले आणि त्यांचं बरोबर होतं.

पण मधोमध एक गोष्ट आहे, ती सहज वगळण्यासारखी नाही. पुरात आईबापांपासून तुटलेला मुफासा वाहत येतो. त्याला पहिली हाक मारतो तो टाका, तिथल्या राजाचा मुलगा. राजा ओबासी या परक्या पोराला ठेवून घ्यायला तयार नसतो. टाकाशी शर्यत लाव, जिंकलास तर राहा, असा निवाडा होतो. टाका मुद्दाम हरतो. त्याला भाऊ हवा असतो. जिंकलेल्या मुफासाला राजा नरांत घेत नाही, माद्यांकडे पाठवतो. तिथे टाकाची आई एशे त्याला शिकार शिकवते, वास घ्यायला, जमिनीचं ऐकायला शिकवते. राजपुत्र मात्र बापाजवळ सावलीत पडून राजेपणाचे धडे घेत असतो. मग शत्रूचे सिंह एशेवर चालून येतात तेव्हा टाका पळतो आणि मुफासा लढतो.

इथे १९९४ च्या गोष्टीचा पायाच हलतो. त्या चित्रपटात राज्य रक्ताने मिळायचं आणि स्कार हा रक्ताच्या नात्याला कलंक होता. इथे रक्ताचा वारस टाका आहे आणि मुफासा वाहून आलेला. राजा होण्यासाठी जे लागतं, ते त्याने शिकार करणाऱ्या बायकांमध्ये राहून मिळवलं. निसर्गातही शिकारीचा बराच भार माद्याच उचलतात, आणि दोन-दोन नर एकत्र येऊन कळप धरतात तेव्हा ते पुष्कळदा सख्खे भाऊ नसतातही. सेरेंगेटीतल्या दीर्घ अभ्यासांतून हे दिसलेलं आहे. सिंहाच्या आयाळीचा केस न् केस खरा करणाऱ्यांनी सिंहाच्या जगण्यातलं हे सत्यही गोष्टीत आणलं. त्या दुसऱ्या खरेपणाबद्दल मात्र फार थोड्यांनी लिहिलं.

नावाचीही एक गोष्ट आहे. स्वाहिली भाषेत ‘टाका’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. क्रियापद म्हणून ‘हवं असणं’, नाम म्हणून ‘केर’. ज्याला भाऊ हवा होता आणि जो शेवटी टाकून दिला गेला, त्याच्या आयुष्याच्या दोन्ही कडा या एका शब्दात आहेत. मराठी कानाला तर आणखी एक अर्थ ऐकू येतो. जखम जोडणारा तो टाका. हा निव्वळ योगायोग आहे हे मला समजतं. तरी चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत हे नाव ऐकताना प्रत्येक वेळी तो मनात येत होता. जोडण्यासाठी आलेला पोरगा शेवटी नुसता व्रण म्हणून उरला.

याच टाकाचं वाईट होणं चित्रपटाने घाईत उरकलं, हा त्याचा खरा अपराध. साराबी ही सिंहीण त्याच्याऐवजी मुफासाला निवडते आणि टाका फिरतो. आयुष्यभर साचलेलं ओझं एका प्रेमत्रिकोणावर लोटून चित्रपट मोकळा होतो. आईच्या रक्षणाच्या वेळी आपण पळालो, भाऊ लढला, ही लाज. मुफासाने टाकाला जपावं असा शब्द बापाने घेतला तो. आईने मुफासाला दिलेला हात. एवढं सगळं हाताशी असताना प्रेमभंगाची काय गरज होती? भाचीचा प्रश्न नेमका या जागेवर बोट ठेवतो. टाका वाईट होत होता तेव्हा मुफासाचं लक्ष कुठे होतं? चित्रपटानेच हा प्रश्न पेरला आणि उत्तर देताना त्याचा धीर सुटला. नायकाकडून काही राहून गेलं, हे दाखवायला तो कचरला.

समीक्षकांनी चित्रपटाला हे विचारायला हवं होतं. ते बहुतेक वेळ विचारत राहिले की तू जन्मालाच का आलास.

आपल्याकडची चर्चा तर त्याहून अलीकडेच थांबली. हिंदीत मुफासाला शाहरुख खानचा आवाज, सिम्बाला आर्यनचा आणि छोट्या मुफासाला अबरामचा. तेलुगूत मुफासा महेशबाबूचा. बातम्या या आवाजांभोवती फिरल्या. श्रेयस तळपदेचा टिमॉन आणि मकरंद देशपांडेचा रफीकी ऐकून मराठी माणसाला बरं वाटलं. पण चित्रपटगृहात हा चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत आला, मराठीत आला नाही. आपल्या कलावंतांनी आवाज दिला आणि आपली मुलं ती गोष्ट दुसऱ्या भाषेत ऐकून आली. याबद्दल कुणी फारसं बोललं नाही, कारण मुलांचा चित्रपट हा आपल्याकडे विचार करून लिहिण्याचा विषयच मानला जात नाही.

आणखी एक गोष्ट चर्चेबाहेर राहिली. ‘मुफासा’ची दृश्यं एमपीसी या कंपनीने घडवली. प्रदर्शनानंतर अवघ्या दोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तिची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली. भारतातही तिचे स्टुडिओ होते. बंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो कलाकारांचं काम एका फटक्यात गेलं. आयाळीचे केस, पाण्याचे थेंब, बर्फातली पावलं घडवण्यात ज्यांची वर्षं गेली, त्यांच्या कामाला ‘आत्मा नसलेलं’ म्हणताना आपण कुणाबद्दल बोलतो आहोत, याचा विचार व्हायला हवा होता. यंत्राला आत्मा नसतो, हे खरं. पण यंत्रापुढे रात्र रात्र बसलेलं माणूस असतं. भाची ज्या सरकणाऱ्या नावांकडे बघत बसली होती, ती नावं त्याच माणसांची.

मार्चमधल्या एका रविवारी भाची पुन्हा आली आणि १९९४ चा ‘लायन किंग’ लाव म्हणाली. तिने तो आधी पुष्कळदा पाहिला होता. रानगव्यांसारख्या त्या विल्डेबीस्टच्या झुंडीपर्यंत ती चिवडा खात होती. मुफासा कड्याला लटकला आणि वर स्कार आला, तेव्हा तिचा हात वाटीतच थांबला. मुफासा स्कारला हाक मारतो, भाऊ म्हणून मदत मागतो. स्कार दोन्ही पंजांची नखं त्याच्या पंजांत रुतवतो.

नव्या चित्रपटाच्या शेवटी मुफासाने टाकाला जवळ राहू दिलं, पण तुझं नाव पुन्हा घेणार नाही असं बजावलं. तेव्हापासून तो स्कार. कड्यावर लटकतानाही मुफासाने तो शब्द पाळला. हे मी या दृश्यात पहिल्यांदाच ऐकत होतो, तीस वर्षांनी.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग वाटी बाजूला ठेवून म्हणाली, “मामा, त्याने टाका म्हणायला हवं होतं.”